संहितेवरचा शिक्का

नाटकाच्या प्रयोगावर राज्यसत्तेने कायद्याने हात टाकला तो १८७६ मध्ये, आणि त्याला निमित्त ठरली ती बंगाली रंगभूमी. इंग्लंडचे युवराज कलकत्त्यास आले असता एका प्रतिष्ठित वकिलाने आपल्या घरच्या अंतःपुरात त्यांचे स्वागत केले. त्या प्रसंगाची टिंगल करणारे प्रहसन रंगमंचावर येताच व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी घाईने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी त्याला कायद्याचे रूप आले. नाट्यप्रयोग कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तरतुदीनुसार अब्रुनुकसानी करणारे, नीतिभ्रष्ट करणारे किंवा सरकारविषयी अप्रीती पसरवणारे कोणतेही नाटक थांबवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला.

महाराष्ट्रात या कायद्याची झळ सर्वांत तीव्रतेने लागली ती कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ला. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची कथा महाभारतातल्या विराटपर्वातली, त्यामुळे त्यात आक्षेप घेण्याजोगे एकही नाव नव्हते. परंतु उन्मत्त कीचकात लॉर्ड कर्झन, अपमानित सैरंध्रीत हिंदुस्थान, संयम शिकवणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि संतापलेल्या भीमात जहाल पाहण्यास प्रेक्षकांना कोणी शिकवावे लागले नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग पाहण्यास आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांची अनंत कान्हेरे यांनी हत्या केली, आणि १९१०च्या आरंभी ‘कीचकवध’वर बंदी आली. पुराणकथेच्या आडून बोलण्याची ही रीत मराठी नाटककारांनी पारतंत्र्यात कमावली. सत्तेलाही तिचा अर्थ चांगला उमगत होता, हेच या बंदीने सिद्ध केले.

स्वातंत्र्यानंतर हा अंकुश दूर होईल अशी अपेक्षा बाळगणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात १९५१च्या मुंबई पोलीस कायद्यान्वये सार्वजनिक करमणुकीच्या परवान्यांचे नियम करण्याचा अधिकार पोलीस यंत्रणेकडे राहिला आणि त्या नियमांच्या आधाराने रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ, म्हणजे नाट्यसृष्टीत ज्याला सरसकट ‘सेन्सॉर बोर्ड’ म्हटले जाते ते मंडळ, संहिता वाचून प्रमाणपत्र देऊ लागले. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. बंदी प्रयोग झाल्यावर येते, ती उघड असते आणि तिच्याविरुद्ध लढता येते. पूर्वपरीक्षण मात्र प्रयोगाच्या आधी, लिखित संहितेवरच चालते, आणि कोणती वाक्ये गाळली गेली हे प्रेक्षकाला कधी कळतही नाही. म्हणूनच या दोहोंपैकी पूर्वपरीक्षण अधिक घातक मानावे लागते.

त्याचे स्वरूप १९७० मध्ये ‘गिधाडे’च्या वेळी अगदी स्पष्ट दिसले. विजय तेंडुलकरांच्या या नाटकात भावांच्या मारहाणीने गर्भपात झालेल्या माणिकच्या वस्त्रावर रक्ताचा डाग दिसावा अशी योजना होती आणि मंडळाचा आक्षेप त्या तांबड्या डागावर होता. दिग्दर्शक श्रीराम लागू यांनी डाग निळा केला आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना विनंती केली गेली की, निळा डाग त्यांनी तांबडाच समजावा. ज्या डागाकडे एरवी क्षणभर लक्ष गेले असते, त्याची वाट सारे प्रेक्षागृह पाहू लागले.

१९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘सखाराम बाइंडर’ने संघर्ष न्यायालयात नेला. प्रयोग सुरू झाल्यावर नाटक थांबवण्यात आले, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात सारंगांनी या लढ्याची हकीकत लिहून ठेवली आहे, आणि राज्यसत्ता व नाटक यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्याने ती वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला पुण्यात झालेल्या ‘घाशीराम कोतवाल’च्या पहिल्या प्रयोगाने मात्र वेगळाच अनुभव दिला. जब्बार पटेल यांनी बसवलेल्या या नाटकात नाना फडणविसांचे चित्रण अवमानकारक असल्याची ओरड झाली, आणि प्रयोग थांबवले ते सरकारने नव्हे, तर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या निर्मात्या संस्थेच्याच धुरिणांनी. कलावंतांनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ पासून नाटक पुन्हा उभे केले. कायदा स्वस्थ बसलेला असतानाही समाजातील प्रतिष्ठितांचा रोष कलेला गप्प करू शकतो, ही गोष्ट ‘कीचकवध’च्या काळाहून कितीतरी गुंतागुंतीची आहे, कारण येथे प्रतिपक्ष परका नव्हता.

राज्यसत्तेचा दुसरा हात देणारा होता, हे नोंदवले नाही तर अन्याय होईल. १९५४ पासून भरणाऱ्या राज्य नाट्यस्पर्धेने गावोगावच्या हौशी मंडळींना रंगमंच दिला आणि प्रायोगिक नाटकाला बळ दिले. तथापि त्याच हौशी संस्थेला प्रयोग करायचा तर संहिता मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्राची वाट पाहावी लागते, मग तिच्याजवळ वकील तर राहोच, प्रवासखर्चापुरते पैसेही नसोत. तेंडुलकर-सारंगांना न्यायालय गाठता आले. छोट्या संस्थेला वाक्य गाळणेच परवडते.

अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये पूर्वपरीक्षणाच्या या नियमांनाच मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. दरम्यान १८७६चा मूळ कायदा केंद्राने २०१८च्या आरंभी अमलात आलेल्या निरसन कायद्याद्वारे रद्द केला. राज्याच्या पोलीस कायद्यावर आधारलेल्या मंडळाच्या नियमांना मात्र त्या निरसनाने धक्का लागला नाही.