दोन ध्रुवांमधील वाटचाल

इंग्रजी साहित्याचे अध्यापन करण्यात ज्यांची हयात गेली आणि मुंबई विद्यापीठात ज्यांनी त्या विषयाचे प्रमुखपद भूषविले, त्या रा. भा. पाटणकरांनी (१९२७–२००४) आपला मुख्य ग्रंथ मात्र मराठीत सिद्ध केला. आणि तो करताना कांट व क्रोचे यांच्याशी वाद घालण्यापूर्वी त्या वादाला पेलेल अशी परिभाषाही त्यांना वाक्यागणिक घडवावी लागली.

१९७४ साली 'सौंदर्यमीमांसा' प्रसिद्ध झाली, तेव्हा मराठी समीक्षेवर मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताचा अंमल पुष्कळसा शिल्लक होता. कलाकृतीचे मूल्य तिच्या घाटातच शोधावे, हा एक पक्ष. कादंबरी वाचताना माणसांची सुखदुःखे आणि नीतिअनीती वगळली तर हाती उरते काय, हा दुसरा. पाटणकरांनी स्वायत्ततावाद आणि लौकिकतावाद या दोहोंच्या कैफियती तपशीलवार दाखल करून घेतल्या आणि कलाव्यवहारच द्विध्रुवात्मक आहे, असे प्रतिपादन केले. विद्यार्थिदशेत हे वाचताना माझी चिडचिड झाली होती. 'मग निवाडा कोणता?' असे मी समासात पेन्सिलीने लिहूनही ठेवले होते.

पुढे कांटचा १७९० सालचा ग्रंथ वाचला, तेव्हा हा पेच मुळात किती खोल आहे ते उमगले. फूल हे वनस्पतीचे जननेंद्रिय आहे, हे वनस्पतिशास्त्रज्ञ जाणतो, पण त्याला सुंदर म्हणताना तोही ते ज्ञान बाजूला ठेवतो, असे कांट सांगतो. आणि लगेच घोड्याकडे वळून, घोडा कसा असावा या कल्पनेवाचून त्याचे सौंदर्य ठरत नाही, असेही म्हणतो. फूल आणि घोडा एकाच प्रकरणात नांदतात. माझ्या मते कथावाङ्मय घोड्याच्या जातीचे, पण समीक्षक त्याला फुलाचे निकष लावून मोकळे होतात.

'सौंदर्यमीमांसे'ला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाटणकर सिद्धान्तापाशी थबकले नाहीत. कमल देसाईंच्या कथाविश्वावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि तत्त्वचर्चेत मुरलेला हा वाचक प्रत्यक्ष कथेपुढे किती सावधपणे बसतो, ते त्यात दिसते. उत्तरायुष्यात ते 'अपूर्ण क्रांती'कडे वळले, म्हणजे महाराष्ट्रातील प्रबोधनाच्या हिशेबाकडे. सौंदर्यशास्त्र सोडून ते भलतीकडे गेले, अशी कुरकूर मी ऐकली आहे. मला ती पटत नाही. लौकिकाचा ध्रुव त्यांनी पहिल्या ग्रंथातच मान्य केला होता.