बर्फाखालच्या समुद्राचा जमाखर्च

जत्रेतला बर्फवाला भुशात ठेवलेली लादी बाहेर काढतो ती तुम्ही पाहिली असेल. उन्हाने ती वरून विरघळते हे पोरासोरांनाही कळते. पण तीच लादी पाण्यावर तरंगत ठेवली, तर खालून किती झिजली हे कसे सांगाल? उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावर शास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न होता.

तिकडचे खारे पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठते. त्याहून ते किंचित जरी गरम असले, तरी वरचा बर्फ खालून झिजू लागतो. एक किलो बर्फाचे पाणी करायला जी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापते. आंघोळीचा बंब पेटवणाऱ्याला हा खर्च समजेल. तरीही समुद्राकडून दर चौरस मीटरला एक वॅट, म्हणजे हातातल्या बॅटरीच्या बल्बाएवढी उष्णता वर्षभर मिळाली, तर चार इंच बर्फ जातो.

ही उष्णता मोजण्यासाठी १९९७ च्या ऑक्टोबरात अलास्काच्या उत्तरेला 'दे ग्रोझेलिए' हे कॅनडाचे बर्फफोडे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून ठेवले. वर्षभर ते बर्फाबरोबर वाहत राहिले.

मोजण्याची रीत मोठी साधी. बर्फाला आरपार भोक पाडून त्यात तार सोडायची, तारेच्या खालच्या टोकाला आडवी दांडी. तार बर्फात गोठून बसते. मोजायच्या वेळी तारेत वीज सोडली की ती सुटते. मग वर ओढायची. दांडी बर्फाच्या पोटाला टेकली की जाडी कळली! उष्णतेचा हिशेब मात्र आपल्या विहिरीसारखा. पंपाने किती पाणी उपसले आणि पातळी किती उतरली हे ठाऊक असले, की झऱ्यांची आवक काढता येते. तसेच इथे. हिवाळ्यात बर्फातून वर किती उष्णता निघून गेली हे आतल्या तापमापकांवरून कळते. खाली नवा बर्फ गोठताना किती उष्णता सुटली हे जाडीवरून कळते. या दोहोंतला फरक समुद्राने पुरवलेला. ताळा पाहायला बर्फाखाली उपकरणांचे खांबही टांगले होते. पाण्याचे भोवरे उष्णता वर कशी आणतात हे ते टिपत.

आढळले ते काळजीचे होते. १९७५ साली त्याच भागात झालेल्या मोजणीच्या मानाने बर्फ पातळ होता, आणि वरच्या पाण्याचा खारेपणाही उतरला होता. उन्हाळ्यात बर्फाच्या भेगांतले काळे पाणी ऊन पिते आणि तीच ऊब बर्फाच्या पोटाला लागते. बर्फ कमी झाला की उघडे पाणी वाढते, आणि मग झीजही वाढते.

खोलवर आणखी एक साठा आहे. अटलांटिकचे कोमट पाणी तिथे पसरलेले आहे, हे नान्सेन यांनी १८९३ ते १८९६ च्या 'फ्राम' जहाजाच्या सफरीत दाखवून दिले. वर कमी खारे, हलके पाणी झाकणासारखे बसलेले असते म्हणून ती ऊब सहसा वर येत नाही.

या कामात आपलाही हात आहे. गोव्यात वास्कोला देशाचे ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. त्या केंद्राने आणि चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेने मिळून २०१४ च्या जुलैत नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील एका खाडीत, १९२ मीटर खोल पाण्यात, उपकरणांची माळ सोडली. अटलांटिकचे पाणी शिरते त्या खाडीत ती पाण्याची ऊब आणि खारेपणा नोंदवू लागली.