टेन्शन घ्या, पण मोजून!

‘टेन्शन घेऊ नकोस यार’ असं सांगणारे ऑफिसात शंभर जण भेटतात. रॅकेटच्या बाबतीत मात्र टेन्शन घ्यावंच लागतं, तेही पाउंडात मोजून. टेनिसच्या रॅकेटला साधारण ५० ते ६० पाउंड, बॅडमिंटनच्या रॅकेटला २० ते ३०. आपण काय करतो? गटिंगला रॅकेट टाकतो, ‘भाऊ, पंचावन्न ठेवा’ म्हणतो आणि दोन दिवसांनी घेऊन येतो. पंचावन्न म्हणजे खरंच पंचावन्न आहे का, हे बघतो कोण?

आमच्या टेंभुर्णीत बघतात. टेंभुर्णी म्हटलं की पुण्यातली मंडळी लगेच विचारतात, ‘सोलापूर हायवेवरची ना?’ ती नव्हे. ही जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. माझी पंधरा वर्षांची मामेबहीण इथून शनिवार-रविवार छत्रपती संभाजीनगरला टेनिसच्या सरावाला जाते. तिच्याकडे रॅकेट दोनच. मॅचमध्ये एकीची स्ट्रिंग तुटली की दुसरी हातात घ्यायची. ती जरा वेगळी लागली, की लाइनवर पडणारा बॉल वीतभर बाहेर! त्यात मागच्या वर्षी तिचं कोपर दुखायला लागलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि कोचनी एकच प्रश्न विचारला, ‘टेन्शन किती ठेवता?’ फार ताठ जाळी हाताला जास्त धक्का देते, म्हणून हा प्रश्न. उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग मामांनी घरीच ड्रॉपवेट मशीन आणलं.

लाइट गेली तरी चालतं

मोठ्या दुकानांत इलेक्ट्रॉनिक मशीन असतं. ड्रॉपवेटला वीज लागत नाही, आणि ही गोष्ट गावात फार मोलाची. यात एक दांडी असते आणि दांडीवर सरकणारं वजन. वजन ५५च्या खुणेवर लावायचं, स्ट्रिंग पकडीत अडकवायची आणि दांडी हळूच सोडायची. दांडी जमिनीला समांतर येऊन थांबली की स्ट्रिंगवर ५५ पाउंड.

समांतर नाही आली तर? इथे शाळेतलं विज्ञान कामाला येतं. दांडी १० अंश कलली तर ताण जेमतेम दीड टक्का कमी होतो, म्हणजे पाउंडभरही नाही. २० अंश कलली तर मात्र ६ टक्के, म्हणजे तीन पाउंडांहून जास्त. तेव्हा दोन-चार अंशांसाठी जीव काढू नका, पण दांडी लोंबकळत सोडून चहालाही जाऊ नका.

बॅग मोजायचा काटा

मशीनवरच्या खुणा खऱ्या आहेत का, हे तपासायला मामांकडे भारी उपाय आहे. विमानाला जाताना बॅगेचं वजन बघतो ना, तो हुकवाला डिजिटल काटा. ५५ पाउंड म्हणजे सुमारे २५ किलो. काट्याचं एक टोक पक्कं बांधायचं, दुसऱ्या टोकाला स्ट्रिंगचा तुकडा लावून मशीनने ओढायचा आणि आकडा वाचायचा. असं पाच वेळा.

पाचही वेळा २४ आलं तर काळजीचं कारण नाही. वजन थोडं पुढे सरकवा, झालं. पण एकदा २४, एकदा २६ आलं तर खरी गडबड. मामांच्या भाषेत, ‘काटा चुकीचा असला तरी चालंल, पण रोज तितकाच चुकला पाहिजे!’

ताण पळतो कुठे?

मशीन बरोबर असलं तरी ताण निसटायला जागा बऱ्याच आहेत.

पहिली जागा, वेळ. स्ट्रिंग ओढल्यावरही थोडी लांबत राहते आणि दांडी खाली जाते. म्हणून दांडी पुन्हा समांतर करायची, मनात दहा आकडे मोजायचे आणि मगच क्लॅम्प लावायचा. दहा की पंधरा हा वादाचा मुद्दा नाही, दर वेळी सारखेच मोजा.

दुसरी, क्लॅम्प. तो घसरला की सगळी मेहनत पाण्यात. क्लॅम्पच्या तोंडाशी स्ट्रिंगवर मार्करने बारीक खूण करा. ओढ सोडल्यावर खूण सरकली तर क्लॅम्पचे दात स्पिरिटने पुसा आणि पकड थोडी घट्ट करा.

तिसरी, फ्रेम. उभ्या स्ट्रिंग एकाच बाजूने लावत गेलं तर फ्रेम वाकडी होते. मधून सुरुवात करून आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे जायचं.

चौथी, आडव्या स्ट्रिंग. या उभ्यांमधून विणत न्यायच्या असल्याने घासतात आणि थोडा ताण तिथेच अडकतो. आधी सरळ करा, मग ओढा. आणि शेवटची जागा म्हणजे गाठ. गाठ बसताना स्ट्रिंग थोडी सैल पडते. म्हणून बरेच जण शेवटची स्ट्रिंग चार-पाच पाउंड जास्त ओढतात.

कान लावून ऐका

एवढं करूनही नवी जाळी पहिल्या दिवसातच बरीच उतरते, आणि ऊन लागलं की आणखी. मराठवाड्याच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, रॅकेट गाडीत ठेवणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं.

किती उतरली, हे कानाला कळतं. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची तार छेडून पारखतात, तसंच इथेही. जाळीवर टिचकी मारली की सूर निघतो. ताण १० टक्के उतरला की सूर सुमारे ५ टक्के खाली येतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या थोडं आतच. एवढा फरक कानाला पकडता येतो. नाहीच आला, तर हाच सूर ऐकून आकडा सांगणारी अ‍ॅप्स मोबाइलवर मिळतात.

चॅम्पियनचा आकडा आपला नाही

१९७०च्या दशकात ब्योर्न बोर्ग लाकडी रॅकेट ८० पाउंडांच्या आसपास ओढून घ्यायचा. आपण तसं केलं तर हातही जाईल आणि कदाचित फ्रेमही. २०१८ ते २०२३ या काळात बालेवाडीला एटीपी स्पर्धा भरायची, तेव्हा खेळाडूंच्या बॅगेत एकसारख्या दिसणाऱ्या चार-सहा रॅकेट असायच्या. प्रत्येकाचा आकडा वेगळा, पण स्वतःच्या सगळ्या रॅकेटमध्ये तो पक्का सांभाळलेला. आपण उचलायची ती ही सवय.

मामेबहिणीने आता एक शंभरपानी वही केली आहे. तारीख, स्ट्रिंगचं नाव, पाउंड, टिचकीचा आकडा आणि शेवटच्या रकान्यात ‘कोपर’. सध्या त्या रकान्यात ओळीने ‘ठीक’ आहे. हे विश्रांतीमुळे की वहीमुळे, ते डॉक्टर सांगतील. ‘पण ताई,’ ती म्हणते, ‘दुसरी रॅकेट हातात घेताना आता भीती नाही वाटत.’

तुम्ही मशीन घ्यायलाच पाहिजे असं नाही. गटिंग एकाच माणसाकडे करा, दोन्ही रॅकेट एकाच दिवशी टाका आणि आकडा लिहून ठेवा. बाकीचं टेन्शन सोमवारी ऑफिसात आहेच!