जुन्या डिझेल इंजिनातील बिघाडाची पारख

विहिरीवरील विजेचे पंप आता सर्वत्र झाले असले, तरी वीज नसते त्या वेळी, किंवा विजेच्या तारांपासून दूरच्या शेतात, हाताने फिरवून सुरू करावयाचे जुने डिझेल इंजिनच उपयोगी पडते. गहू फुलोऱ्यात असता, ऐन पाण्याच्या पाळीला ते सुरू होईनासे झाले, की घाईने पाना घेऊन दिसेल तो नट सैल केला जातो. मूळ बिघाड बाजूलाच राहतो आणि नाजूक भागांत धूळ शिरून नवा खर्च उद्भवतो. वास्तविक असे बरेचसे बिघाड इंजिन न खोलता ओळखता येतात.

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. पिस्टनच्या योगाने हवा सुमारे १६ ते १८ पट दाबली जाते, ती ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजेच इंजिनास स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा आणि योग्य दाब या तीन गोष्टी लागतात. बिघाडाचा शोध याच क्रमाने, बाहेरून आत, घ्यावा.

प्रथम टाकीत डिझेल आहे काय, तोटी उघडी आहे काय आणि इंजिन बंद करण्याचा खटका 'बंद' स्थितीत तर राहिला नाही ना, हे पाहावे. टाकी एकदा कोरडी पडली, की नळीत हवा शिरते व नुसते डिझेल भरून इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू एकदोन आटे सैल करावा. बुडबुडे थांबून अखंड धार लागली, की तो आवळावा. हीच क्रिया नंतर डिझेल पंपाच्या स्क्रूवर करावी. धार बारीक असल्यास फिल्टर चोंदलेला समजावा. धारेत पाण्याचे थेंब दिसल्यास टाकीचा तळ रिकामा करावा.

डिझेल नीट पोहोचत असूनही इंजिन सुरू न झाल्यास हवेची जाळी स्वच्छ करावी आणि मग दाब तपासावा. दाब मोकळा करणारा खटका खाली पाडून हँडल सावकाश फिरवावे. दाबाच्या फेऱ्यात हाताला जोराचा अडथळा लागला पाहिजे. हँडल सहज फिरत असेल, तर झडपा नीट बसत नाहीत किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, असे समजून काम जाणत्या फिटरकडे सोपवावे.

इंजिन सुरू होऊनही ठोके चुकत असतील, तर डिझेलमधील हवा किंवा पाणी, अथवा खराब झालेले नोझल, ही कारणे संभवतात. धुराचा रंगही पुष्कळ काही सांगतो. काळा धूर निघाल्यास हवा कमी पडत आहे, नोझल नीट फवारत नाही किंवा भार जास्त आहे. तापलेल्या इंजिनातून पांढरा धूर निघत राहिल्यास डिझेल पुरते जळत नाही किंवा आत पाणी जात आहे. निळा धूर निघाल्यास वंगणाचे तेल जळत आहे.

ही तपासणी करताना सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करू नये. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा. उलटा झटका बसल्यास मनगट वाचते. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीच्या आत शिरते आणि वरून लहान दिसणारी जखमही गंभीर ठरते. धोतराचा सोगा व लुगड्याचा पदर पट्ट्यापासून दूर ठेवावा. बंद खोपटात इंजिन चालवू नये, कारण त्याच्या धुरात विषारी वायू असतो. सुरू होत नाही म्हणून हवेच्या वाटेत पेट्रोल ओतणे किंवा पेटता बोळा धरणे हे तर जिवावर बेतणारे आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहूनच पुढे जावे. नोझल व डिझेल पंप शेतावर उघडू नयेत. त्यांची तपासणी यंत्रावरच होते. पिंपातील डिझेल स्थिर होऊ देऊन, वरचेच गाळून भरले आणि टाकी कधी कोरडी पडू दिली नाही, तर ऐन पाळीच्या वेळी अडून बसण्याचा प्रसंग क्वचितच येईल.