कार्यालयीन सॉफ्टवेअर : वापरणाऱ्यांची मते आणि आपली निवड

संस्थेचे कार्य म्हणजे केवळ सभा, शिबिरे आणि जयंतीचे कार्यक्रम नव्हेत. त्यामागे लिहिण्याचे मोठे काम असते. कार्यकारिणीच्या बैठकीचे इतिवृत्त, आजीव सभासदांची नोंद, वर्गणी व देणगीचा हिशेब, शिष्यवृत्ती मिळणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी, धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावयाचा जमाखर्च आणि अशी एखादी स्मरणिका, ही सर्व कामे पूर्वी टंकलेखन यंत्र व खतावणीवर होत असत. आज ती संगणकावर होतात. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असा प्रश्न निघाला की प्रत्येक सभासद आपापल्या अनुभवाने बोलतो. कोणी म्हणतो, "वर्ड-एक्सेलशिवाय काम होणे नाही." कोणी म्हणतो, "फुकट मिळते ते का घेऊ नये?" या मतांची छाननी करून संस्थेच्या व विद्यार्थ्यांच्या हिताचे काय, ते सांगावे, हा या लेखाचा हेतू आहे.

थोडी पार्श्वभूमी

संगणकावर हिशेबाचे तक्ते मांडणारे 'व्हिजिकॅल्क' हे सॉफ्टवेअर १९७९ साली अमेरिकेत निघाले. १९८३ साली 'लोटस १-२-३' आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे 'वर्ड' आले. 'एक्सेल' १९८५ साली प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी निघाले. पुढे वर्ड, एक्सेल व पॉवरपॉइंट यांचा एकत्रित संच १९९० साली विंडोजसाठी आला आणि बहुतेक कार्यालयांत तोच रूढ झाला.

दुसरा प्रवाह जर्मनीतून आला. तेथील 'स्टारऑफिस' हा संच सन कंपनीने १९९९ साली विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी त्याची मूळ संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली केली. त्यातून 'ओपनऑफिस' झाले आणि २०१० साली त्यापासून 'लिब्रेऑफिस' वेगळे निघाले. तिसरा प्रवाह २००६ साली सुरू झालेल्या 'गूगल डॉक्स'चा. येथे फाइल आपल्या संगणकावर नसून कंपनीच्या यंत्रणेत असते व इंटरनेटवरून उघडता येते.

वापरणारे काय म्हणतात?

हिशेब लिहिणारे बहुधा एक्सेलची बाजू घेतात, आणि त्यात तथ्य आहे. मोठे तक्ते, गोषवारा काढण्याची सोय आणि पुनःपुन्हा करावी लागणारी कामे आपोआप करून घेण्याची शक्ती यांत ते पुढे आहे. हिशेबतपासनीस व बँका यांच्याकडून येणारी फाइलही बहुधा त्याच स्वरूपात असते. तक्रार असते ती खर्चाची. वर्षाची वर्गणी भरून घेतलेला संच मुदत संपल्यावर फाइल दाखवतो, छापतो, पण तिच्यात बदल करू देत नाही. एकदाच पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीलाही मुदत असतेच. २०१६ व २०१९ या आवृत्त्यांना कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. शिवाय मोठ्या अहवालात छायाचित्र जागेवरून उडणे व परिच्छेदांचे अनुक्रमांक बिघडणे, ही वर्ड वापरणाऱ्यांची जुनी कुरकुर आहे.

लिब्रेऑफिसबद्दलचे चांगले मत असे की ते विनामूल्य आहे, जुन्या संगणकावरही चालते, इंटरनेट लागत नाही आणि अनेक जुन्या प्रकारच्या फाइली उघडते. शैली ठरवून लांब पुस्तक लिहिणाऱ्यांना त्याचे 'रायटर' आवडते. दोष असा की वर्डमध्ये केलेली गुंतागुंतीची फाइल त्यात उघडली की मांडणी थोडी हलते. एक्सेलमधील स्वयंचलित आज्ञा त्यात जशाच्या तशा चालतीलच असे नाही. सादरीकरणाचा भागही पॉवरपॉइंटइतका सफाईदार नाही.

गूगल डॉक्सचे कौतुक तरुण कार्यकर्ते करतात. चार गावांतील चार कार्यकर्ते एकाच वेळी एका यादीत नावे भरू शकतात, मोबाइलवर काम होते, कोणी काय बदलले ते मागे जाऊन पाहता येते. उणिवा दोन. पुस्तकासारखी बारीक मांडणी त्यात नीट जमत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. फाइल ज्याच्या खात्यात, त्याच्या ताब्यात! सचिवाने स्वतःच्या खात्यावर संस्थेचे दप्तर ठेवले आणि पुढे पदाधिकारी बदलले, तर दप्तर जुन्या सचिवाकडेच राहते. डिसेंबर २०२३ पासून तर दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती आतील मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण त्या कंपनीने लागू केले आहे.

सुज्ञ वाचकाच्या लक्षात येईल की यातील कोणतेही मत सरसकट खोटे नाही. प्रत्येकजण आपल्या कामाच्या जागेवरून बोलतो. म्हणून मत ऐकताना तीन प्रश्न विचारावेत : हा मनुष्य कोणते काम करतो? तो पहिल्याने काय शिकला? आणि त्या सॉफ्टवेअरचे पैसे कोण भरते?

तिघांचाही एक दोष

जाहिरातीत न सांगितलेला एक दोष तिन्ही संचांत आहे व तो आपल्या विद्यार्थ्यांना थेट भोवणारा आहे. तक्त्यातील घरात आपण आकडे लिहिले की सॉफ्टवेअर ती 'संख्या' समजते. संख्येच्या आरंभीचे शून्य निरर्थक म्हणून गाळले जाते आणि पंधरा अंकांनंतरचे अंक अचूक राहत नाहीत. आता काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी असतात. असा क्रमांक एक्सेलमध्ये साध्या घरात लिहिला की शेवटचा अंक निमूटपणे शून्य होतो. शिष्यवृत्तीची रक्कम मग त्या विद्यार्थ्याला मिळत नाही, आणि चूक कोठे झाली हेही कोणाला उमगत नाही. उपाय सोपा आहे. खाते क्रमांक, आधार क्रमांक व दूरध्वनी यांचे रकाने भरण्यापूर्वीच 'मजकूर' या प्रकारात ठेवावेत. नंतर बदलून गेलेला अंक परत येत नाही.

अशा चुका मोठमोठ्यांकडूनही झाल्या आहेत. २०२० साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी पुढे गेल्याच नाहीत. एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नव्हत्या, आणि मावल्या नाहीत त्या गळून पडल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांना शोधण्यास उशीर झाला. त्याच वर्षी शास्त्रज्ञांच्या नामकरण समितीने काही मानवी जनुकांची नावे बदलली, कारण 'मार्च-१' सारख्या नावाचे एक्सेल परस्पर तारखेत रूपांतर करीत असे. म्हणून यंत्राने दिलेला तक्ता एकदा मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर सही करू नये.

मराठी अक्षरांचा प्रश्न

आता मराठीकडे वळू. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या अनेक संस्थांची पत्रके व स्मरणिका संगणकावर जुळवल्या गेल्या. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटमध्ये एक युक्ती होती. संगणकात साठवले जाई ते इंग्रजी अक्षर, फक्त पडद्यावर त्याचा आकार मराठी दिसे. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की 'बुद्ध' किंवा 'भीम' याऐवजी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा कचरा दिसतो. अशा फाइलीत नाव शोधता येत नाही, की यादी अकारविल्हे लावता येत नाही.

बाबासाहेबांनी १९२० साली सुरू केलेल्या 'मूकनायक'चे आणि १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'चे जपून ठेवलेले अंक पुढच्या पिढीला वाचता आले आणि महाराष्ट्र शासनाने ते ग्रंथरूपाने पुन्हा छापले. कागद जपला, म्हणून इतिहास जपला गेला. शंभर वर्षांपूर्वीचा कागद वाचता यावा आणि पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल मात्र वाचता येऊ नये, ही शोचनीय गोष्ट आहे.

यावर उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला त्यात स्वतंत्र जागा आहे. युनिकोडमध्ये 'क' हा सर्व संगणकांवर व मोबाइलवर 'क'च राहतो. वरील तिन्ही संच युनिकोड मराठी चालवतात, तेव्हा या बाबतीत अडचण सॉफ्टवेअरची नसून आपल्या सवयीची आहे. जुन्या फाइली बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र बदललेला मजकूर माणसाने वाचलाच पाहिजे. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होत असे, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्यामुळे वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे येथे चुका राहतात.

शीलाचा प्रश्न

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पैसे वाचवण्यासाठी चोरलेल्या प्रती संगणकावर चढवण्याची सवय सर्वत्र आहे. आपण प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी पंचशील ग्रहण करतो. न दिलेले न घेण्याचे दुसरे शील केवळ विहारापुरते नाही, ते कार्यालयातील संगणकालाही लागू आहे. शिवाय चोरीच्या प्रतीबरोबर घातक विषाणूही येतात, हा व्यवहारातला तोटा वेगळाच. लिब्रेऑफिससारखे सॉफ्टवेअर मात्र त्याच्या निर्मात्यांनी स्वखुशीने सर्वांना दिलेले आहे. त्याची प्रत काढून शेजाऱ्याला देणे हा गुन्हा नसून ते अपेक्षितच आहे. गरीब विद्यार्थ्याला प्रामाणिकपणे संगणक शिकता येतो, ही या दानाची मोठी थोरवी होय.

निवड कशी करावी?

१) इतिवृत्त, पत्रव्यवहार व अहवाल लिब्रेऑफिसमध्ये युनिकोड मराठीत करावेत. मूळ फाइल खुल्या 'ओडीटी' प्रकारात ठेवावी. हा प्रकार ज्या खुल्या मानकात मोडतो, त्याला २००६ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे व तो कोणा एका कंपनीवर अवलंबून नाही. मंजूर झालेल्या प्रतीची 'पीडीएफ' करावी आणि सहीची छापील प्रत फाइलला लावावी.

२) अनेकांनी मिळून भरावयाच्या याद्या गूगलवर ठेवण्यास हरकत नाही, परंतु खाते संस्थेच्या नावे असावे, त्याचा सांकेतिक शब्द दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा व दरमहा एक प्रत उतरवून घ्यावी.

३) हिशेबतपासनीसांच्या कामासाठी एक्सेल खरोखरच लागत असेल, तर एका संगणकापुरती रीतसर प्रत विकत घ्यावी.

४) स्मरणिकेची पृष्ठरचना छापखान्याचे काम आहे. आपण साधा, तपासलेला युनिकोड मजकूर द्यावा. छापखान्यात जुना फाँट वापरत असतील तर रूपांतरानंतरची मुद्रिते स्वतः वाचावीत, आणि मूळ मजकूर संस्थेकडे राखून ठेवावा.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

नोकरीच्या जाहिरातीत बहुधा वर्ड-एक्सेलचेच नाव असते, तेव्हा ते जरूर शिकावे. पण केवळ कोणते बटण कोठे आहे एवढेच पाठ करू नये. २००७ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या संचाची वरची मांडणी पार बदलली, तेव्हा बटणे पाठ केलेल्यांची तारांबळ उडाली. सूत्र कसे मांडावे, यादीची वर्गवारी कशी करावी, परिच्छेदाला शैली कशी द्यावी आणि उत्तर कसे पडताळावे, हे ज्याला समजले त्याला कोणताही संच आठवडाभरात वश होतो. इन्स्क्रिप्ट ही भारत सरकारने प्रमाण मानलेली कळफलक-रचनाही शिकून घ्यावी. वर्णमालेच्या क्रमाने ती बांधलेली असल्याने लवकर बसते.

या सुट्टीत एखाद्या विद्यार्थ्याने संस्थेची एक जुनी स्मरणिका युनिकोडमध्ये आणून, ओळ न् ओळ तपासून दिली, तर त्याचे शिक्षणही होईल आणि संस्थेचे ऋणही फिटेल. त्या स्मरणिकेत कोणाच्या तरी आजोबांचे नाव आहे. ते नातवाला वाचता आले पाहिजे.

जयभीम!