मेजावरचा लेथ : अचूकपणा कोठे असतो?

पाळण्याचे कातीव खांब पाहिले की आपल्याला कातारी आठवतो. लाकूड फिरते, हत्यार हाताशी धरलेले असते आणि ओबडधोबड तुकड्यास गोलाई येते. लेथचे तत्त्व एवढेच. परंतु मनगटी घड्याळातील बॅलन्स-चक्राच्या आसाचे टोक साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ केसाएवढे जाड असते. ते कातावयाचे तर यंत्रही तशाच तोलाचे हवे.

असे मेजावर बसणारे लेथ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील वॉल्थॅम या घड्याळांच्या गावी नावारूपास आले. एकसारखे हजारो भाग करणाऱ्या तेथील कारखान्यांना त्यांची गरज होती. त्या शतकाच्या अखेरीस तेथेच निघालेला वेब्स्टर-व्हिट्कोम्ब हा नमुना पुढे अनेकांनी उचलला.

या लेथचे मुख्य भाग चार. खाली बेड, डावीकडे हेडस्टॉक, उजवीकडे टेलस्टॉक आणि मध्ये हत्याराचा टेकू. हेडस्टॉकमध्ये फिरणारा पोकळ दांडा म्हणजे स्पिंडल. वॉल्थॅम पद्धतीत त्याच्या बेअरिंगवर दोन उतार असतात : एक लांब, अवघा ३ अंशांचा, दुसरा आखूड, ४५ अंशांचा. पहिला दांडा मध्यावर राखतो, दुसरा पुढून येणारा दाब झेलतो. झीज झाली की मागचे नट किंचित आवळावयाचे, ढिलेपणा जातो.

जॉब धरावयास कॉलेट असते. ही चिरा दिलेली पोलादी नळी होय. मागून दांड्याने ओढली की तिचे निमुळते तोंड आवळते व जॉब सर्व बाजूंनी सारखा धरला जातो. घड्याळजींच्या कॉलेटवरचा आकडा मिलिमीटरचे दशांश सांगतो : ८ नंबरची कॉलेट ०.८ मिलिमीटरची तार धरते. तीत जाड तार कोंबली तर ती कॉलेट कायमची बिघडते.

आता प्रकार पाहू. जिनीव्हा पद्धतीचा बेड गोल दांड्याचा असून त्याची एक बाजू सपाट केलेली असते. वेब्स्टर-व्हिट्कोम्बचा बेड वरून सपाट व कडांना उतरता असतो. स्वित्झर्लंडच्या बेव्हिलार येथील शॉब्लिन लेथ याहून मोठे. त्यांच्या ७० व १०२ या नमुन्यांचे आकडे म्हणजे बेडपासून सेंटरची मिलिमीटरमधील उंची. बाहेरून ८ मिलिमीटरच्या दिसणाऱ्या दोन कॉलेटींचे आटे किंवा उतारही कंपनीगणिक निराळे निघतात. दिसण्यातले साम्य येथे पुरेसे नाही.

आम्हांस मुख्यतः सांगावयाचे ते हेच. लेथचा अचूकपणा कोणत्याही एका भागात नसतो. तो भागांच्या परस्पर-मेळात असतो. टेलस्टॉकचे सेंटर स्पिंडलच्या अक्षावर नेमके यावे म्हणून दोन्ही भाग एकमेकांशी जुळवून घासलेले असतात. अनेक यंत्रांवर दोहोंस एकच क्रमांक ठोकलेला आढळतो. परका टेलस्टॉक आडव्या दिशेने ०.०२ मिलिमीटर जरी सरकलेला असला, तरी दोन सेंटरांमध्ये कातलेल्या जॉबच्या दोन टोकांच्या जाडीत ०.०४ मिलिमीटरचा फरक पडतो. ज्या आसाचे टोकच ०.१ मिलिमीटरचे, तेथे हा फरक लहान नव्हे.

म्हणून जुना लेथ सुटा करून भागाभागाने विकला जातो तेव्हा लोखंड शिल्लक राहते, यंत्र जाते. कोणाच्या घरी घड्याळजी वडिलांचा असा लेथ माळ्यावर पडला असेल, तर तो काढण्यापूर्वी एवढे अवश्य करावे : क्रमांक जुळवून पाहावेत, कॉलेटींचा डबा, टेलस्टॉक व टेकू एकत्र ठेवावेत आणि द्यावयाचे झालेच तर सर्व एकाच हाती द्यावे. ज्यांनी ते भाग जुळविले ते कारागीर आज नाहीत. त्यांचे श्रम त्या जुळणीतच आहेत.