पकडलेला महाशीर सोडला, म्हणजे सुटलो का?

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातून गोदावरी पूर्वेला जाते आणि वैतरणा पश्चिमेला. ही वैतरणा वाडा तालुक्यातल्या तिळसे गावी पोहोचते, तिथे शिवमंदिरालगतच्या डोहात महाशीर निर्धास्त फिरतात. ते देवाचे मासे, तिथे गळ टाकायचा नाही, एवढाच नियम. तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला.

हौशी गळवाल्यांचा नियम निराळा: पकडा, फोटो काढा, सोडून द्या. मोठा महाशीर मारू नये, हे मलाही शंभर टक्के पटतं. महाशीरात मोठा मासा बहुधा मादी असते. जितकी मोठी, तितकी अंडी जास्त. तिला मारणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यातली पिल्लंच मारणं.

पण सोडलेला मासा जगतोच असं नाही. झुंजीत त्याची दमछाक झालेली असते. त्यात मे महिन्यातलं कोमट, उथळ पाणी, म्हणजे प्राणवायू आधीच कमी. कोरड्या हातांनी धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोगाला वाट मिळते. फोटोसाठी हवेत धरून ठेवलं की कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात. आकड्याची उलटी नखी काढून टाकलेला गळ, ओले हात, मासा पाण्यातच ठेवून गळ सोडवणं, मग तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपटी मारेपर्यंत आधार देणं, एवढं करायची तयारी नसेल त्याने महाशीराच्या वाटेला जाऊ नये.

स्वित्झर्लंडने तर सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडायला बंदी घातली आहे. खायचा नसेल तर त्याला यातना का द्यायच्या, हा तिथला सवाल. माझ्या मते तो टाळता येणार नाही. पोटासाठी जाळं टाकणाऱ्या भोयाला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही, हौशी माणसाला द्यावं लागतं.

कावेरीचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. सर्वात मोठा होणारा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर फक्त तिच्याच खोऱ्यातला. आपल्याकडचा खुद्री महाशीर मूळचा दख्खनचा. कर्नल साईक्सने 1839 साली शास्त्रीय नोंद केली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशाची. लोणावळ्याला वळवण इथे टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची पैदास झाली, लाखो पिल्लं देशभर गेली, कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण गालिबोर इथल्या गळवाल्यांच्या 1998 ते 2012 च्या नोंदी तपासल्या, तेव्हा खुद्री वाढत गेलेला दिसला आणि कावेरीचा स्वतःचा महाशीर दुर्मिळ होत गेलेला. त्याची शास्त्रीय ओळख 2018 मध्ये पक्की झाली, तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता. ही घसरण उघड झाली ती पकडून सोडणाऱ्यांच्याच वह्यांमुळे. या छंदाचं हे ऋण मान्य केलंच पाहिजे.

बाहेरून आणलेला मासा मूळच्या माशाला मागे सारू शकतो, हेही कावेरीने दाखवलं. म्हणून नाशिकच्या गळवाल्यांना सांगणं आहे. गोदावरीत गळाला चिलापी लागली, तर दया दाखवून ती परत पाण्यात टाकू नका. ती आफ्रिकेतली, 1952 मध्ये भारतात आणलेली. मादी तोंडात अंडी उबवते आणि पिल्लांची राखणही तीच करते, म्हणून ती झपाट्याने वाढते आणि इथल्या माशांच्या वाट्याचं खाते. डोक्यावर एकच जोरदार घाव घालून तिला तडफडू न देता मारा, घरी न्या, कालवण करा.